लोखंडाच्या पोटात

मी सात वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला धानाच्या ढोलीत उतरवलं. ढोली म्हणजे बांबूच्या ताट्यांची विणलेली, आतूनबाहेरून शेणानं लिपलेली कोठी. माणसाहून उंच, पोटात फुगलेली आणि तोंडाशी अरुंद. दवनीवाड्याच्या आमच्या घरात तशा दोन होत्या. तळाचं धान काढायचं तर मोठं माणूस तोंडातून मावायचं नाही, म्हणून घरातलं सगळ्यात बारीक लेकरू आत सोडायचे. त्या वर्षी ते लेकरू मी होते.

"कोपऱ्यातले धान झाडून टोपलीत भर," बाबा म्हणाले. "भेव नको, मी वरतच उभा आहो."

ते उभे होते हे खरं, पण मध्येच कुणीतरी अंगणातून हाक मारली आणि ते गेले. किती वेळ गेले ते मला सांगता येणार नाही. बाबा म्हणतात, विडी पेटवायला लागतो तेवढाच. तेवढा वेळ वरचं गोल तोंड रिकामं राहिलं. धुळीनं माझा घसा भरला, हाक निघेना. कुसळं मानेत टोचत होती आणि चारी बाजूंनी भिंत जवळ सरकते आहे असं वाटायला लागलं. मग बाबांचं डोकं त्या गोलात परत आलं. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले आणि मला मनगटांना धरून वर ओढलं.

त्या दिवसापासून मी बंद जागेला भिते. रेल्वेगाडीच्या संडासाचं दार मी आजही पुरतं लावत नाही. आणि तरी मी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं ते त्याच अंधाराचं. त्या कामानं एका लेकराचा जीव जायची वेळ आणली, म्हणून हे लिहिते आहे.

माझं चित्रकार होणं सरळ झालं नाही. नागपूरला शिकले, तिरोड्याला एका शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागले आणि अकरा वर्षं तिथंच राहिले. दिवसा मुलांना कमळ आणि फुलदाणी शिकवायची, सुट्टीत घरी स्वतःची चित्रं काढायची. आधी माझ्या चित्रांत शेतं असायची, बांध असायचे, धानाच्या रोवणीला वाकलेल्या बायका असायच्या. हळूहळू बायका गेल्या, मग बांधही गेले आणि नुसते राखाडी-काळे पट्टे उरले. हे कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही. एक खरं, की जे दिसतं ते काढताना मला कधी भीती वाटली नव्हती, आणि हे पट्टे काढताना पोटात गोळा यायचा. म्हणून मला वाटलं, हेच माझं असेल.

बाबा एकदा तिरोड्याला आले, भिंतीला लावलेले सहा कॅनव्हास एकेक करून पाहिले आणि म्हणाले, "यात का आहे पाहाचा?"

मी म्हटलं, "काही नाही बाबा. नुसता रंग आहे."

"मंग इतका रंग काऊन लागला?"

 ते रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही ही भीती पुढे प्रत्येक प्रदर्शनात माझ्यासोबत आली. नागपूरच्या पहिल्या प्रदर्शनात मी तिन्ही दिवस दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. कुणी चित्राकडून माझ्याकडे वळलं, की माझे तळवे ओले व्हायचे. पुढे मुंबईच्या एका गॅलरीनं चित्रं घेतली, दोन-तीन ठिकाणी नाव छापून आलं, मी नोकरी सोडली आणि गोंदियाला खोली घेतली. तळवे ओले व्हायचे थांबले नाहीत.

गोंदियाला मला लोखंड सापडलं. इथे राइस मिल गल्लोगल्ली. जुनी मिल मोडली, की तिचे हॉपर, चाळण्या, पत्रे भंगारात येतात. हॉपर म्हणजे धान ओतायचं मोठं पत्र्याचं नरसाळं, वर रुंद आणि खाली निमुळतं. भंगाराच्या आवारात तसे दोन हॉपर एकमेकांना टेकून पडलेले मी पाहिले आणि तिथंच थांबले. त्या दिवसापासून मी कॅनव्हासबरोबर लोखंडाचंही काम करायला लागले.

लोखंडाचं काम मला शिकवलं एका मिस्त्रीनं. मिलच्या यंत्रांची दुरुस्ती करणारं त्याचं छोटं वर्कशॉप आहे. वयानं तो माझ्याहून मोठा, तरी मला दीदी म्हणतो. पहिल्या दिवशी मी वेल्डिंगचा हँडल इतका घट्ट आवळून धरला, की त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाला, "डरना अच्छा है दीदी. जो नहीं डरता उसका हाथ जलता है." आमची नऊ-दहा मोठी शिल्पं त्या वर्कशॉपमध्ये झाली. त्यातली चार बाहेरगावी उघड्यावर उभी आहेत.

मग गोंदियाच्या कडेला एक नवी बाग झाली आणि तिथं शिल्प ठेवायचं म्हणून मला विचारलं. इतकी वर्षं माझी कामं दूर जायची. हे पहिलंच आपल्या माणसांत राहणार होतं. मी दोन हॉपर घेतले, त्यांची निमुळती तोंडं एकमेकांना जोडली आणि तो सगळा सांगाडा तोंड कमरेच्या उंचीवर राहील असा तिरका उभा केला. वर एक रुंद उघडं तोंड, मध्ये गळा, खाली बंद पोट. वाकून आत पाहिलं, की गळ्याच्या पलीकडे फक्त काळोख. बाहेरून आम्ही लोखंड घासून गुळगुळीत केलं. आतले वेल्डिंगचे सांधे मी तसेच खरखरीत ठेवायला लावले. कुणी आत पाहावं आणि क्षणभर त्याच्या पोटात गोळा यावा, असं मला हवं होतं.

मिस्त्री म्हणाला, "दीदी, मुँह पे जाली लगा देते हैं. बच्चे लोग घुसेंगे."

"नको," मी म्हटलं. "जाळी लावली तर लोक जाळी पाहतील. आतला अंधार पाहणार नाहीत."

"सोच लो."

"विचार केला आहे."

मी विचार केला नव्हता. अंधाराचा केला होता, लेकरांचा नव्हता.

उभारणीच्या दिवशी बाबांना बागेत घेऊन गेले. आता ते काठी घेऊन चालतात. त्यांनी शिल्पाला एक फेरी घातली, तोंडाशी वाकले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मी वाट पाहत होते, की आता विचारतील यात काय आहे.

"ढोली होय," ते म्हणाले.

मी त्यांना कधी तसं सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मिस्त्रीची जाळी मी पार विसरून गेले.

त्यानंतर साताठ महिने गेले. एप्रिलचा पहिला आठवडा होता, सकाळचे साडेदहा. मी खोलीत रंग घोटत होते. फोन वाजला. बागेचा चौकीदार होता.

"मॅडम, तुमी लवकर या. त्या तुमच्या लोखंडात पोरगी फसली आहे. निंघून नाही राहिली."

मी काहीतरी विचारलं, काय ते आठवत नाही. मग मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "ग्राइंडर लेके आ रहा हूँ. आप पहुँचो." मी पिशवी उचलली, रंगाचे हात तसेच स्कूटरच्या हँडलला लावले आणि निघाले. बाग माझ्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. त्या दहा मिनिटांत मी एकच हिशोब करत होते. ऊन कुठवर आलं असेल. त्या बाजूला झाड नाही. अकराच्या पुढे त्या लोखंडाला हात लावता येत नाही, हे मला माहीत होतं. उन्हाळ्यात माझी शिल्पं हात भाजण्याइतकी तापतात, हे मी एका मुलाखतीत कौतुकानं सांगितलंही होतं.

बागेत वीस-पंचवीस माणसं जमली होती. शिल्पाच्या तोंडाशी एक बाई पोटावर पालथी पडून आत हात घालत होती. बागेत झाडांना पाणी घालायला, गवत काढायला दोन बाया रोजानं येत, त्यातली ती एक. तिची मुलगी साडेपाच वर्षांची. आई काम करायची तेव्हा ती बागेत खेळायची. त्या दिवशी ती तोंडातून आत बसली आणि घसरगुंडीवरून घसरावं तशी पायांनी खाली गेली. छातीपर्यंत गळ्यातून उतरली आणि काखांशी अडकली. दोन्ही हात वर, पाय खालच्या पोटात लोंबकळत. फ्रॉक मागून एका सांध्याच्या खरखरीत टोकात गुंतला होता. वर ओढलं की ते टोक पाठीत रुतायचं आणि ती किंचाळायची. सोडलं की रडताना श्वास बाहेर पडायचा आणि छाती अजून थोडी खाली सरकायची.

हे सगळं चौकीदारानं मला सांगितलं. त्या बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते तिला माहीत होतं.

"बाई, तिचा आवाज बारीक होऊन राहिला," ती म्हणाली.

मी लोखंडाला हात लावला. उन्हाची बाजू चटका बसण्याइतकी नव्हती, पण हात फार वेळ ठेवता येईना. मी चौकीदाराला सांगितलं, बारदाना आण, पोती आण, जे मिळेल ते ओलं करून यावर टाक. त्या बाईची सोबतीण पाण्याचा पाइप ओढत आली. माणसं हलली. मोबाइलवर शूटिंग करणारा एक जण मात्र होता तिथंच होता.

मग मला आत जावं लागलं. आईचे हात पोचत नव्हते. ती माझ्याहून रुंद खांद्यांची होती आणि मी मुळातच हडकुळी. दुसरं कुणी पुढे आलं असतं तर मी त्याला जाऊ दिलं असतं, हे मी खोटं सांगणार नाही. मी एकदा मागे पाहिलंही. मग पिशवी तशीच गळ्यात ठेवून डोकं आत घातलं. चौकीदारानं आणि त्या बाईनं माझे पाय धरले.

आत उजेड नव्हता, कारण तोंड माझ्याच अंगानं भरलं होतं. लोखंडाचा वास, ओल्या बारदान्याचा वास, आणि लेकराच्या घामाचा. माझे खांदे दोन्ही बाजूंना टेकले तशी छातीत धडधड इतकी वाढली, की ती पत्र्यातून मला परत ऐकू येत होती. डोळे मिटले, उघडले, फरक पडला नाही. मला वाटलं, मी आता ओरडणार आणि हे लेकरू माझं ओरडणं ऐकणार. मी जीभ दातांत धरली. मग चाचपडत हात पुढे नेला आणि दोन बारीक मनगटं हाताला लागली.

"कोन होय?" ती म्हणाली.

"मी आहे. तुझ्या आईनं पाठवलं मला."

"बाई, खाली पाय नाही टेकून राहिला."

"टेकतील. मी धरलं आहे तुला."

"सोडजो नोको."

"नाही सोडत."

ती हुंदके देत होती आणि प्रत्येक हुंदक्यासरशी मला तिचं वजन मनगटात जाणवत होतं. तिला बोलतं ठेवलं तर ती रडेल, गप्प ठेवलं तर मला कळणार नाही, की श्वास चालू आहे का. मी तिला सांगितलं, हळूहळू श्वास घे, माझ्यासोबत घे. मी मोठ्यानं श्वास घ्यायला लागले. मलाच श्वास पुरत नव्हता.

बाहेर मिस्त्री आला होता. त्याचा आवाज मला पत्र्यातून ऐकू आला. कुणीतरी म्हणत होतं, गॅस कटर आणा, लवकर होईल. मिस्त्री म्हणाला, "गैस नहीं चलाऊँगा. लोहा लाल होगा, बच्ची जल जाएगी." मग तो पत्र्यावर थाप मारून माझ्याशी बोलला. "दीदी, गला नहीं काटता. नीचे से पेट काटता हूँ, एकदम नीचे. फिर हाथ डालके पैर उठाएँगे. आप ऊपर से पकड़ो. छोड़ना मत."

त्यानं चौकीदाराला पाइप धरायला लावलं आणि जिथं ग्राइंडर लागेल तिथं पाण्याची धार सोडायला सांगितलं. मग ग्राइंडरची लोखंड कापणारी चकती फिरायला लागली.

त्या आवाजाबद्दल मी काय लिहू. बाहेर उभं राहून मी तो हजारदा ऐकला होता. आत तो आवाज कानात शिरत नव्हता, दातांत शिरत होता. सगळं लोखंड थरथरत होतं. मुलगी किंचाळत होती ते मला तिच्या मनगटांतून कळत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. खालच्या बाजूला काळोखात एक नारिंगी रेघ दिसली. तिच्या पायांच्या खाली ठिणग्या उडत होत्या. पाय खूप वर आहेत, पाणी चालू आहे, त्याचा हात पक्का आहे, असं मी मनात घोकत राहिले. आणि त्याच वेळी दुसरा एक आवाज मनात म्हणत होता, की तो जाळी लावू म्हणाला होता.

मध्ये ग्राइंडर थांबला. चकती बदलायची होती. त्या शांततेत मला कळलं, की मुलगी रडत नाहीये.

मी हाक मारली. ती बोलली नाही. मी मनगट दाबलं. तिचं बोट हललं, पण आवाज नाही. मला त्या क्षणी पिशवी आठवली. पिशवीत जवसाच्या तेलाची बाटली होती. आमच्याकडे जवसाचं तेल घरोघरी खातात, आणि तेच शुद्ध करून आम्ही रंगात घालतो. मी एका हातानं तिची दोन्ही मनगटं धरली, दुसऱ्या हातानं बाटली काढली, दातांनी झाकण फिरवलं आणि तेल तिच्या काखांवर, छातीवर, पाठीमागे ओतलं. अर्धं माझ्याच तोंडावरून ओघळलं. फ्रॉक ज्या टोकात गुंतला होता तिथं बोटं घालून मी कापड ओढलं. ते फाटलं, आणि माझ्या बोटाचं कातडंही.

कापड सुटलं आणि ती खाली घसरली. वीतभर असेल, पण मला ती गेली असंच वाटलं. मी तिला घट्ट धरलं. पुढे आठवडाभर तिच्या मनगटांवर माझ्या बोटांचे वळ होते, असं तिच्या आईनं नंतर सांगितलं.

मग खालून उजेड आला. मिस्त्रीनं पत्र्याचा तुकडा आत ढकलून दिला होता. ओलं पोतं कडेवर टाकून त्यानं हात आत घातला. "पैर मिल गया," तो म्हणाला. "उठा रहा हूँ." खालून तो उचलत होता, वरून मी ओढत होते, आणि तेलानं ती हाताला सापडत नव्हती. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिची छाती गळ्यातून वर आली आणि तिनं मोठा श्वास घेतला. तो श्वास मी आयुष्यात विसरणार नाही. मग ती इतक्या जोरात रडली, की बाहेरची माणसं हसली. मी ओरडले, ओढा. त्यांनी माझे पाय ओढले, आणि माझ्यामागून ती बाहेर आली.

आईनं तिला उचललं आणि सावलीत नेलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी बागेतल्या हौदावर जाऊन तोंडावरचं तेल धुतलं.

मुलीच्या पाठीवर दोन लांब ओरखडे होते, बरगड्यांना मार होता, पण मोडलं काही नव्हतं. दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. मी दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. आत जायची हिंमत झाली नाही. तिचे वडील एका मिलमध्ये हमाल. ते एकदा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मारतील. ते म्हणाले, "चहा घेतला का तुमी?"

पोलिसांनी जबाब घेतला. लिहिणारा शिपाई तरुण होता, सभ्य होता.

"वस्तू काय आहे?"

"शिल्प."

"कशाचं?"

"अमूर्त आहे."

"म्हणजे कशाचं, मॅडम? मला लिहावं लागते."

"म्हणजे कशाचंच नाही."

त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं, लोखंडी शिल्प, कशाचेही नाही. मी खाली सही केली. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या महिन्यांत ते वाक्य मला सारखं आठवायचं. कशाचंही नसलेल्या वस्तूत एक पोरगी मरता मरता राहिली.

पोलिसांनी पुढे काही केलं नाही, कारण घरच्यांनी तक्रार दिली नाही. मला त्यानं हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तक्रार झाली असती तर मला काहीतरी शिक्षा झाली असती आणि ती संपली असती.

व्हिडिओ सगळीकडे गेला. त्याखाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी तीन दिवस वाचलं आणि मग फोन मिस्त्रीकडे ठेवायला दिला. पण त्याआधी मुंबईच्या गॅलरीतून एक फोन येऊन गेला होता. त्यांनी मुलीची चौकशी केली, माझी केली. मग म्हणाले, ते शिल्प आता जसं आहे तसं, पोट कापलेलं, आम्ही घ्यायला तयार आहोत. त्यामागे आता एक गोष्ट आहे, ते म्हणाले. तुमच्या सगळ्या कामात हेच सगळ्यात मोठं ठरेल.

नाही म्हणायला मी दोन दिवस घेतले. हे लिहिताना हात जड होतो आहे, पण घेतले. त्या दोन दिवसांत मी ते शिल्प मुंबईच्या पांढऱ्या भिंतींमध्ये उभं असलेलं मनात पाहिलं. कापलेल्या पोटातून उजेड आत जातो आहे, लोक वाकून पाहताहेत. ते सुंदर दिसत होतं. त्या दिसण्यानं मी ढोलीत घाबरले नव्हते इतकी घाबरले. मी तशी आहे हे मला माहीत नव्हतं.

नकार कळवला आणि मिस्त्रीला म्हटलं, आपण ते कापू. बागवाल्यांनाही ते नकोच होतं. वर्कशॉपच्या आवारात आम्ही दोघांनी ते सांध्यासांध्यातून सोडवलं. गळा मी स्वतः कापला. मिस्त्रीनं पत्रे ठोकून सरळ केले, आणि ते एका मिलच्या कोंड्याच्या खोलीचं दार झाले.

त्यानंतर आम्ही दोघं गाडी करून माझी बाहेरची चारही शिल्पं पाहून आलो. प्रत्येक फटीत मी आधी बोट घातलं, मग मूठ, मग लेकराच्या डोक्याएवढा जेवणाचा डबा. एका ठिकाणी डबा आत जाऊन पडला. तिथं आम्ही त्याच दिवशी, मालकाला न विचारता, आतून जाळी मारली. मिस्त्री एकदाही म्हणाला नाही, की मी सांगितलं होतं. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

वर्षभर मी लोखंडाला हात लावला नाही. कागदावर लहान लहान कामं केली. आत काहीच नसलेली, सपाट. गॅलरीला ती फारशी आवडली नाहीत. मलाही नाही.

मुलीला भेटायला मी त्या दिवसानंतर सहा महिन्यांनी गेले. आईला आता दुसऱ्या बागेत काम होतं. सकाळची वेळ होती, ती रोपांना आळी करत होती आणि मुलगी बाजूला बसून गोगलगायी गोळा करत होती. मला पाहून मुलगी म्हणाली, "तुमचा तोंड उलटा होता."

"हो," मी म्हटलं. "तू आत कशाला गेली होतीस?"

"आतमंदी का आहे पाहाचा होता."

"काय होतं?"

ती विचारात पडली. "काईच नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा गोगलगायींकडे वळली.

मी तिच्या आईजवळ बसले. मी माफी मागायला आले होते, वाक्य पाठ करून आले होते. तिनं ते पुरं ऐकून घेतलं, हात मात्र चालू ठेवले.

"तिले भेव नाही लागत," ती म्हणाली. "झाडावर चढते, नाल्यात उतरते. मले लागते. आता अशी घडीभर दिसली नाही तं माया पोटात गोळा येते."

"मलाही येतो," मी म्हटलं.

"तुमाले कायले? तुमाले लेकरू आहे का?"

"नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुरपं खाली ठेवून मुलीला हाक मारली. मुलगी दहा पावलांवरच होती, तरी तिनं हाक मारली, आणि मुलीनं ओ दिल्यावर परत खुरपं उचललं.

या वर्षी मी पुन्हा वर्कशॉपमध्ये जाते आहे. नवं काम जवळजवळ झालं आहे. चाळण्यांचे पत्रे एकमेकांपासून दूर उभे केलेले, मधून वारा जातो, कुठेही पोकळी नाही. ते चांगलं आहे की नाही, मला कळत नाही. मिस्त्री म्हणतो, "हो गया दीदी, भेज दो." मागच्या आठवड्यात ते न्यायला गाडी दारात आली होती. मी ती परत पाठवली आणि दोन पत्र्यांमधलं अंतर पुन्हा मोजायला बसले.